दोरीला टेकून पाहिलेला खेळ

प्रश्न लीड्समध्ये राहणाऱ्या, मूळच्या कराडकडच्या एका बाबांचा आहे. त्यांच्या ऑफिसातला कॅसलफर्डचा सहकारी सतत आपल्या लहानपणच्या रग्बी लीगबद्दल बोलतो. आजोबांचा हात धरून गावच्या मैदानावर जायचो, ते दिवस गेले, उरलंसुरलं आहे तोवर तुझ्या मुलांना दाखव, असं सांगतो. ते ऐकून बाबांना स्वतःच्या गावची जत्रा आठवते, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली कबड्डी आठवते. म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या मुलाला आणि पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या स्टेडियममधल्या एका सामन्याला नेलं. अर्ध्या तासात दोघं कंटाळली आणि उरलेला वेळ फोनवर गेला. आता ते विचारतात: छोट्या क्लबांच्या सामन्यांना नेलं तर काही फरक पडेल का? की आपण आपली हौस मुलांवर लादतोय? आणि उद्या मुलगा खेळतो म्हणाला, तर हा खेळ त्याच्यासाठी सुरक्षित आहे का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लालबागमध्ये वाढले, १९९० पासून वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते. वेकफील्ड आणि कॅसलफर्डच्या मधल्या पट्ट्यातल्या एका हौशी रग्बी लीग क्लबमध्ये वीसहून जास्त वर्षं प्रथमोपचाराची पिशवी घेऊन रेषेबाहेर उभी राहिले. त्यातली आठ वर्षं लहान मुलांच्या संघांना शिकवलंही. त्या अनुभवावरून सांगते.

हो, न्या. पण एवढ्यात मोठ्या स्टेडियममध्ये नको. आणि सामना दाखवायला म्हणून नेऊ नका. पाच वर्षांच्या मुलीला ऐंशी मिनिटं एका जागी बसवून खेळ दाखवायला गेलात, तर ती कंटाळणारच, त्यात तिचा दोष नाही. तिला मैदानावर न्या. तिथे त्या वेळी सामनाही चालू असेल, इतकंच.

माझे वडील गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. त्यांच्या पिढीची माणसं अजून हुतूतूच म्हणायची. रात्रपाळी करून आले तरी रविवारी मैदानावर जायचेच, आणि मला बरोबर न्यायचे. माझ्याकडे एकच काम असायचं: त्यांचं घड्याळ आणि चपला सांभाळणं. फक्कीने मारलेल्या रेषेच्या जरा अलीकडे, मांडीवर चपला आणि मुठीत घड्याळ घेऊन मी बसायचे. आज मला एकाही सामन्याचे गुण आठवत नाहीत. कोण जिंकलं, कोणाचा लोण चढला, काही नाही. आठवतो तो घामाने ओला झालेला घड्याळाचा पट्टा, ओल्या मातीचा वास, आणि सामना संपल्यावर "दे ग" म्हणत पुढे आलेला खरचटलेला हात. मी त्या खेळाची प्रेक्षक नव्हतेच. मी त्या खेळात कामावर होते.

तुमच्या मुलांचं स्टेडियममध्ये जे झालं, त्याचं कारण मला यातच दिसतं. तिथे त्यांच्यासाठी काहीच काम नव्हतं. खुर्ची ठरलेली, पडदा मोठा, खेळाडू लांब. खुर्चीत बसून पडद्याकडेच बघायचं असेल, तर हातातला पडदा जास्त चांगला असतो हे मुलांना बरोबर कळतं.

आता इथली गोष्ट. या भागात आल्यावर तीन-चार वर्षं मला रग्बी म्हणजे एकच खेळ वाटायचा. माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या एका निवृत्त खाणकामगाराने मला खडसावून सांगितलं की पंधरा जणांची रग्बी युनियन वेगळी आणि तेरा जणांची रग्बी लीग वेगळी. आणि त्या शनिवारी मैदानावर बोलावलं. डिसेंबरचा चिखल, कंटेनरइतकी क्लबाची खोली, मैदानाभोवती लोखंडी खुंट्यांना बांधलेली दोरी, आणि शे-दीडशे माणसं. एका खेळाडूने चेंडू घेऊन मुसंडी मारली, तिघांनी त्याला धरून खाली पाडलं, आणि माझ्या तोंडून मराठीत गेलं, "पकड!"

खेळ खरंच तितका ओळखीचा आहे. तुमच्या मुलाला समजावायचा असेल तर कबड्डीच्या वाटेने समजवा. एका बाजूला तेरा जण. चेंडू हातात घेऊन समोरच्या भिंतीवर चढाई करायची. पकड झाली की खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि पुन्हा चढाई. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो, म्हणून पाचवी पकड झाली की बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब मारतात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी दोन. एवढं कळलं की पहिल्या दिवसाला पुरे. बाकीचं दोरीला टेकलेली माणसं सांगतात. न विचारता सांगतात.

१९९८ च्या एप्रिलमध्ये माझे वडील इथे आले. त्यांना थंडी सोसवत नव्हती, पण शनिवारी घरात बसणंही जमेना. माकडटोपी, माझ्या नवऱ्याचा ओव्हरकोट आणि खिशात भाजलेले शेंगदाणे, अशा थाटात ते माझ्याबरोबर मैदानावर आले. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पहिल्या दहा मिनिटांत वडिलांना खेळ कळला. विसाव्या मिनिटाला ते ओरडले, "अरे घोटा धर, घोटा!" शेजारी तोच निवृत्त खाणकामगार उभा होता. त्याने मला अर्थ विचारला. मी सांगितल्यावर तो म्हणाला, तुझ्या बापाचं बरोबर आहे, पोरं हल्ली उंच धरतात.

मध्यंतरात दोघं चहाचे कप घेऊन उभे राहिले आणि मी मध्ये दुभाषी. खाणकामगाराने विचारलं, काय काम करायचात? वडील म्हणाले, गिरणीत होतो, १९८२ च्या संपापर्यंत. त्याने विचारलं, किती जण होते संपात? वडील म्हणाले, अडीच लाख. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, आमचा बारा महिने चालला, मार्च ८४ ते मार्च ८५. तुमचा किती? वडील म्हणाले, "आमचा अजून कुणी मागेच घेतलेला नाही." मी भाषांतर केलं. त्याने आपल्या कपातला चहा खाली ओतला, आत गेला आणि तिघांसाठी नवा गरम चहा घेऊन आला.

माझ्या मुलाला त्या दिवसातलं काय आठवतं, हे मी त्याला तो मोठा झाल्यावर विचारलं. त्याला सामना आठवत नाही. संपाचं बोलणं तर त्याच्या कानावरही पडलं नव्हतं. त्याला आठवतात ते आजोबांच्या कोटाच्या खोल खिशातले शेंगदाणे, आणि खिशात हात घालायला मिळावा म्हणून त्याने पूर्ण वेळ त्यांच्या शेजारून न हलणं.

हा खेळ का जन्मला ते तुमच्या मुलांना आत्ता सांगू नका, पण तुम्ही स्वतः माहीत करून घ्या. दोरीशी उभं राहिल्यावर त्याचा उपयोग होतो. १९ व्या शतकाच्या शेवटी रग्बीचे नियम ठरवणारी मंडळी लंडनकडची, सुखवस्तू होती. खेळासाठी पैसे घेणं त्यांच्या लेखी पाप होतं. इंग्लंडच्या उत्तरेतले खेळाडू मात्र गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारच्या सामन्यासाठी कामावरून लवकर निघावं, तर मजुरी कापली जायची. दुखापत झाली तर चूल थंड. उत्तरेतल्या क्लबांनी मागितलं ते इतकंच, की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. १८९३ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतले क्लब जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली, तीच पुढे रग्बी लीग झाली. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे ठरले. पुढे प्रेक्षकांना खेळ नीट दिसावा, वेग यावा म्हणून नियम बदलत गेले. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले. मजुरी बुडाली म्हणून वेगळा झालेला खेळ मला दुसरा माहीत नाही. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. माझ्या वडिलांना मी हडर्सफील्डला नेलं, तेव्हा ते त्या हॉटेलच्या दाराशी देवळाबाहेर थांबावं तसे थांबले होते.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या आठवणीबद्दल. त्याचं दुःख खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. या पट्ट्यात गाव, खाण आणि क्लब ही एकाच गोष्टीची तीन नावं होती. फेदरस्टोन हे जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं खाणीचं गाव. १९८३ च्या मे महिन्यात त्या गावाच्या संघाने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर बलाढ्य हल संघाला १४-१२ असं हरवून चॅलेंज कप, म्हणजे रग्बी लीगचा मानाचा चषक, घरी आणला. स्टीव्ह क्विनची शेवटच्या मिनिटांतली किक अजून इथे माणसं हाताने हवेत काढून दाखवतात. पुढच्याच वर्षी खाणकामगारांचा संप सुरू झाला आणि १९८५ मध्ये गावातली ॲक्टन हॉल खाण बंद पडली. दोन वर्षांत गावाने दोन्ही टोकं पाहिली. १९९५ मध्ये टीव्हीच्या पैशावर सुपर लीग ही वरच्या क्लबांची नवी स्पर्धा उभी राहणार म्हणून कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन यांचा एकच संघ करून त्याला कॉल्डर नाव द्यायचा घाट घातला गेला. तेव्हा मी इथेच होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी तिन्ही गावं रस्त्यावर उतरली आणि तो बेत बारगळला. १९९६ पासून मोठे क्लब हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात खेळू लागले. तुमचा सहकारी ज्या थंडीची, वाफाळणाऱ्या श्वासांची आणि चिखलाची आठवण काढतो, ती तिथूनच विरळ होत गेली.

पण त्याला एक सांगा. त्या जुन्या दिवसांत मीही शेवटी शेवटी उभी होते. डोक्याला मार लागून भेलकांडणाऱ्या पोराच्या मानेवर लोक गार पाण्याचा स्पंज पिळायचे आणि "जा, जा, काही नाही झालं" म्हणून परत आत ढकलायचे, ते मी पाहिलंय. क्लबात बाईने चहाच्या खिडकीमागे उभं राहायचं, एवढंच तिचं स्थान असायचं. माझ्या पहिल्या वर्षी एका सामन्यात पाहुण्या संघाच्या बाजूच्या एका माणसाने माझ्या रंगावरून शिवी दिली होती. त्या वेळी कोणी काही बोललं नाही. चार वर्षांनी तसंच पुन्हा झालं, तेव्हा आमच्या क्लबाच्या कर्णधाराने खेळ थांबवला आणि तो माणूस मैदानाबाहेर गेल्याशिवाय खेळायला नकार दिला. या दोन दिवसांच्या मधल्या चार वर्षांत काय बदललं? मी दर शनिवारी तिथे होते. एवढंच बदललं. म्हणून मुलांना कोणी काही बोलेल का, या भीतीने घरी बसू नका. बोललंच, तर लगेच यजमान क्लबाच्या जबाबदार माणसाला सांगा. आता त्याची नोंद होते आणि कारवाईही होते.

आणि तुमच्या मुलांना कळू द्या की हा खेळ फक्त गोऱ्यांचा कधीच नव्हता. कार्डिफच्या क्लाइव्ह सलिव्हनने १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचं नेतृत्व केलं. या देशाच्या कुठल्याही खेळाच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, आणि त्याच वर्षी त्याने विश्वचषक उचलला. हल शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. लीड्सचा इक्रम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळला. दक्षिण आशियाई घरातून इंग्लंडच्या रग्बी संघात पोहोचलेला तो पहिला. विगन क्लबासाठी ४७८ ट्राय करणारे बिली बॉस्टन यांना २०२५ मध्ये सर ही पदवी मिळाली. रग्बी लीगच्या खेळाडूला ती मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, यावर माझा राग अजून गेलेला नाही.

तर प्रत्यक्ष काय करायचं.

घराजवळचा हौशी क्लब शोधा. लीड्समध्ये तुम्हाला लांब जावं लागणार नाही: हन्स्लेट क्लब पार्कसाइड, औल्टन रेडर्स, स्टॅनिंगली, मिलफर्ड. कॅसलफर्डकडे लॉक लेन, हॅलिफॅक्सकडे सिडल. नॅशनल कॉन्फरन्स लीग या हौशी क्लबांच्या स्पर्धेतले मोठ्यांचे सामने साधारण मार्च ते ऑक्टोबर, शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास असतात. लहान मुलांचे सामने बहुतेक करून रविवारी सकाळी. मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल, तर मी रविवार सुचवेन. आठ वर्षांच्या मुलाला आठ वर्षांची मुलं खेळताना दिसली की त्याचे डोळे बदलतात. शनिवारचे दांडगे पुरुष त्याच्यासाठी वाघ-सिंहांसारखे, बघण्यापुरते असतात.

पहिल्या वेळी पूर्ण सामना थांबू नका. पंचेचाळीस मिनिटं बस्स. मुलं "अजून थोडं" म्हणत असतानाच निघा. ही युक्ती मी माझ्या आईकडून शिकले. ती जत्रेतून आम्हाला नेहमी आम्ही रडत असताना बाहेर काढायची, म्हणून पुढच्या वर्षी आम्हीच तिला ओढत न्यायचो.

मुलांना काम द्या. कोणत्याही हौशी क्लबात माणसं कमीच असतात आणि लहान हातांचंही स्वागत होतं. चेंडू रेषेबाहेर गेला की आणून देणं, खेळाडूंसाठी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, सोडतीची तिकिटं फाडणं, सामन्यानंतर कोपऱ्यातले झेंडे उपटून आणणं. विचारायला संकोच करू नका. टोपी घातलेला, खिशात किल्ल्यांचा जुडगा असलेला एक म्हातारा तिथे हमखास असतो, त्याला विचारा. तो क्लबाचा अध्यक्ष असेल किंवा गवत कापणारा असेल, बहुधा दोन्ही. तुमच्या मुलीला कोपऱ्यातला झेंडा धरायला मिळाला, तर पुढच्या आठवड्यात ती तुम्हाला शनिवार किती दिवसांनी आहे हे विचारेल.

मध्यंतरात मुलं मैदानात शिरतात आणि खांबांवर चेंडू मारत सुटतात. बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. तुमची बाहेर उभी राहिली तर ढकलू नका. दुसऱ्या वेळेला आपोआप जातील. मोठ्या स्टेडियममध्ये आणि इथे सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो: ज्या गवतावर आत्ता कोणीतरी आपटला, त्याच गवतावर पाच मिनिटांनी आपण धावतो. सामना संपल्यावर चिखलाने माखलेला खेळाडू दोरीखालून वाकून बाहेर येतो, तो सोमवारी त्यांच्या शाळेची गळकी पाईप दुरुस्त करायला येणारा माणूस असू शकतो. आमच्या क्लबातल्या एका खेळाडूला माझ्या मुलाने दुधाची गाडी चालवताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून सकाळी लवकर उठायला त्याने कधी कटकट केली नाही.

खाण्याचं सोडू नका. पाई, वर घोटलेले वाटाणे, आणि थोडं पुदिन्याचं सॉस. ते वाटाणे म्हणजे तिखट-मीठ विसरलेला आपला रगडाच. माझ्या वडिलांनी त्यावर घरून पुडीत आणलेली शेंगदाण्याची चटणी घातली आणि चहाच्या खिडकीतल्या बायकांनाही चाखायला लावली. पुढे दोन मोसम माझ्याकडे त्या चटणीची मागणी होती. शाकाहारी असाल तर आधी विचारा. चीज आणि कांद्याची पाई बऱ्याच ठिकाणी मिळते.

फोनला बंदी घालू नका, पण तुमचा स्वतःचा फोन खिशात ठेवा. चित्रफिती काढत बसू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो तर क्लबाला विचारल्याशिवाय अजिबात काढू नका. आणि तुमचं लहानपण मध्ये आणू नका. म्हणजे सांगू नका असं नाही, विचारलं तर जरूर सांगा. पण "आमच्या जत्रेत असं असायचं" हे दर पाच मिनिटांनी ऐकणाऱ्या मुलाला समोरचं मैदान दिसत नाही, बाबांचं मैदान दिसायला लागतं, आणि तिथे त्याला काही काम नसतं. तुमच्या सहकाऱ्यालाही एखाद्या शनिवारी बरोबर बोलवा. पण त्याचं "तेव्हा" तुमच्या मुलांवर ओतू नका, त्याला माझ्यासारख्या कोणाशी तरी दोरीशी उभं राहून बोलू द्या. त्याच्या दुःखाला समवयस्क कान हवा आहे.

आता सुरक्षिततेबद्दल. हा माझा धंदाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सगळ्यात लहान मुलं टॅग खेळतात: कमरेला चिकटवलेल्या दोन पट्ट्या, त्यातली एक ओढली की पकड झाली. मुलं-मुली एकत्र खेळतात. अंगाला भिडण्याचा खेळ वयाप्रमाणे पायरीपायरीने येतो. चांगला प्रशिक्षक पकड शिकवताना मुलांना आधी गुडघ्यांवर बसवतो, मग उभं करतो, मग चालवतो, मग पळवतो. पकड करताना डोकं कुठे ठेवायचं, हे तो पहिल्याच दिवशी शिकवतो: समोरच्याच्या शरीराच्या पुढे कधीच नाही, नेहमी बाजूला किंवा मागे. क्लब निवडताना एक सराव नुसता पाहा. प्रशिक्षक डोक्याबद्दल किती वेळा बोलतो ते मोजा. एकदाही बोलला नाही, तर दुसरा क्लब बघा. पकडीची उंची आता खांद्याखाली आणली आहे. काही जुन्या मंडळींना ते रुचत नाही, मला ते फार उशिरा झालं असं वाटतं. दातांचं कवच पहिल्याच सरावापासून हवं, आणि ते दंतवैद्याकडून मापाने करून घेतलं तर मुलं ते तोंडात ठेवतात. गरम पाण्यात बुडवून चावायचं स्वस्त कवच चघळून चघळून फेकून देतात.

डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी त्या दिवशी खेळ बंद. मुलगा "मी ठीक आहे" म्हणाला तरीही बंद, प्रशिक्षक म्हणाला तरीही बंद. इथल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा दुखापतीनंतर किमान एकवीस दिवस सामना खेळायचा नाही, आणि परत येणंही हळूहळू. ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, न जाणारी झोप, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. माजी व्यावसायिक खेळाडूंच्या एका गटाने मेंदूच्या दुखापतींबद्दल खेळाच्या संघटनेवर दावा लावला आहे आणि त्यांचं दुखणं खरं आहे. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या मुलाचा धोका आणि पंधरा वर्षं व्यवसाय म्हणून खेळलेल्या माणसाचा धोका सारखा नाही. पण तो शून्यही नाही. टॅग मात्र बिनधास्त खेळू द्या. भिडण्याच्या खेळाचा निर्णय मुलगा, तुम्ही आणि त्याची आई मिळून, घाई न करता घ्या. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना मनगट मोडून थांबला आणि पुन्हा खेळला नाही. मी त्याला एका शब्दाने आग्रह केला नाही.

आपली मुलं अंगाने लहान, इथल्या दांडग्यांपुढे कशी टिकणार, हा प्रश्न मला मराठी घरांतून नेहमी येतो. रॉब बरो फेदरस्टोन लायन्सच्या मुलांच्या संघातून पुढे आला. उंची पाच फूट पाच इंच. हा खेळ तुला झेपणार नाही, असं त्याला सुरुवातीपासून ऐकवलं गेलं. लीड्सकडून त्याने आठ सुपर लीग विजेतेपदं मिळवली. २०११ च्या अंतिम सामन्यात अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत केलेला त्याचा ट्राय तुमच्या मुलाला जरूर दाखवा. २०१९ च्या शेवटी त्याला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाल्याचं कळलं आणि २ जून २०२४ रोजी तो गेला. त्या आठवड्यात इथल्या कितीतरी घरांच्या खिडक्यांत त्याची ७ नंबरची जर्सी टांगलेली होती. आमच्या क्लबातली सहा-सात वर्षांची पोरं रेषेवर एक मिनिट न हलता उभी राहिली. इतकी गप्प उभी राहिलेली ती मुलं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मुलीबद्दल तुम्ही खेळण्याचा प्रश्न विचारलेला नाही. तो मी विचारते. पाच वर्षांची आहे, तिलाही टॅगला घाला. २०२३ मध्ये बायकांचा चॅलेंज कप अंतिम सामना पहिल्यांदा वेम्बलीवर झाला. तो पाहताना मला चहाच्या खिडकीमागे आयुष्य काढलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आठवल्या. दोघींचे खांदे कुठल्याही आघाडीच्या खेळाडूपेक्षा मजबूत होते.

हौस लादतोय का, हा तुमचा उरलेला प्रश्न. पाच-सहा वेळा नेऊन पाहा, काम देऊन, लवकर निघून. तरीही मुलांना नको असेल तर थांबा, आणि मग तुम्ही एकटे जा. गंमत नाही करत. तुम्हाला दोरीशी उभं राहायची गरज आहे असं तुमच्या प्रश्नावरून मला दिसतं, आणि त्यासाठी मुलांची सबब लागत नाही. जत्रेतली ती कबड्डी तुम्हाला परत हवी आहे. ती इथे मिळणार नाही. पण थंडीत शेजारी उभा राहून "उंच धरलं त्याने" म्हणणारा माणूस मिळेल.

पहिल्या खेपेला मुलीसाठी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड घ्या, गाडीत ठेवायला जुना टॉवेल आणि चिखलाचे बूट घालायला प्लास्टिकची पिशवी. पार्किंगचे, सोडतीचे आणि पाईचे पैसे सुटे ठेवा, आणि खिसा खोल असलेला कोट घाला.